पस्तीस पौंडांची सनद : ‘वॉकर’ आडनावाचा विकत घेतलेला इतिहास

इंग्लंडमधल्या पर्यटकांच्या गावांत, किल्ल्याकडे किंवा जुन्या कॅथीड्रलकडे जाणाऱ्या फरसबंद गल्लीत, आडनावांचा इतिहास छापून देणारे एखादे दुकान हमखास असते. गिऱ्हाइकाने आडनाव सांगायचे, विक्रेत्याने ते संगणकात घालायचे आणि दहा मिनिटांत पिवळसर जाड कागदावर त्या आडनावाचा उगम, वर रंगीत कुलचिन्ह आणि तळाशी लॅटिन बोधवाक्य असा ऐवज हाती द्यायचा, असा हा व्यवहार असतो. यॉर्कशायरमधल्या अशाच एका दुकानातून मी ‘वॉकर’ या आडनावाची सनद चौकटीसह पस्तीस पौंडांना विकत घेतली. सनद हा शब्द माझा. दुकानदार तिला काहीतरी भारदस्त इंग्रजी नावाने विकतो. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण हाच माल विकणारी दुकाने अनेक आहेत आणि माझी तक्रार दुकानापेक्षा मालाविषयी आहे.

सनद घेतली ती शेजारच्या आजोबांसाठी. लीड्समध्ये आम्ही राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ न सांगता काढून ठेवणारे हे गृहस्थ. आडनाव वॉकर, वडील आणि आजोबाही याच भागातले. त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. आपल्याकडे असते तर सहस्रचंद्रदर्शनाच्या तारखेवरून घरात चर्चा सुरू झाली असती. इथे केक आणि भेटवस्तू एवढाच विधी असल्यामुळे भेट तरी विचारपूर्वक घ्यावी, असे पत्नीचे म्हणणे पडले. माझे स्वतःचे आडनाव सनगर, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांचे. विक्रेत्याने उत्साहाने तेही संगणकात घालून पाहिले आणि यंत्राने उच्चाराने जवळचे म्हणून एक आयरिश आडनाव कुलचिन्हासकट पुढे केले. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

वस्तू म्हणून पाहिली तर सनदेत खोट काढण्यासारखे फारसे नाही. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे, सोनेरी रंग बोटाला लागत नाही, लाकडी चौकटीचे कोपरे नीट जुळलेले आहेत आणि काच चांगल्या प्रतीची आहे. बांधून देतानाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. खोट आहे ती मजकुरात, आणि पस्तीस पौंड आपण मजकुराचे मोजलेले असतात.

मजकुराचा सारांश असा की, राजाच्या राखीव अरण्यात पायी गस्त घालून हरणांची राखण करणारा अधिकारी म्हणजे वॉकर आणि अशा विश्वासू सेवकांच्या घराण्याला हे कुलचिन्ह लाभले. वाचायला हे सुंदर आहे. इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे चालणे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असल्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. अरण्यातल्या रखवालदाराला वॉकर म्हणण्याची पद्धत इंग्रजीत पुढच्या काळात होती, हेही खरे आहे. परंतु ब्रिटनमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पंचवीस आडनावांत मोडणारे हे आडनाव हरणांच्या राखणीतून आलेले नाही. ते लोकरीच्या कापडातून आले आहे, आणि लोकर हा आमच्या घरचा विषय असल्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो.

मागावरून उतरलेले लोकरीचे कापड लगेच अंगावर घालण्याजोगे नसते. सूत कातताना लोकरीला तेल किंवा चरबी लावलेली असते, त्यामुळे ते कापड तेलकट आणि वासट असते. शिवाय वीण इतकी विरळ असते की वारा आणि पाऊस दोन्ही आरपार जातात. ते आधी धुऊन त्यातला मेणचटपणा काढावा लागतो आणि मग ओलसर ठेवून सतत दाबत, मळत राहावे लागते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात, कापड आटते, जाड होते आणि वीण दिसेनाशी होते. यंत्रे येण्यापूर्वी हे काम पायांनी चाले. हौदात कापड टाकायचे आणि माणसांनी त्यात उभे राहून ते तासन्‌तास तुडवायचे. तेल कापण्यासाठी हौदात जे द्रव्य घालत ते म्हणजे साठवून आंबवलेले मानवी मूत्र. शिळ्या मूत्रात तयार होणारा अमोनिया तेलाशी संयोग पावून साबणासारखे काम करतो, आणि हे द्रव्य घरोघरी फुकट तयार होत असे. रोमन काळातही धुलाईचे कारखाने याच द्रव्यावर चालत. पाँपेईच्या उत्खननात असा कारखाना हौदांसकट सापडला आहे, आणि सम्राट व्हेस्पेशियनने या द्रव्यावर कर बसवल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे.

तर हे कापड तुडवणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीत ‘वेल्कन’ या क्रियापदाचा अर्थ लोळणे, उसळणे, घुसळणे असा होता. समुद्राच्या लाटांसाठीही ते वापरले जाई. त्यावरून कापड घुसळणारा, तुडवणारा तो ‘वेल्करे’, आणि त्याचाच पुढे वॉकर झाला. पायांनी चालणे हा अर्थ या शब्दाला नंतर, साधारणपणे १३व्या शतकापासून चिकटला. जर्मन भाषेत ‘वाल्कन’ म्हणजे अजूनही लोकरीचे कापड तुडवून घट्ट करणे. म्हणजे आज इंग्रज माणूस फिरायला जाताना जो शब्द वापरतो, त्यापेक्षा वॉकर या आडनावातला अर्थ जुना आहे. सनदेने नेमका उलटा प्रवास केला आहे. आजचा अर्थ घेऊन तो मागे नेऊन चिकटवला आहे.

याहून रंजक भाग असा की या एकाच कामाला इंग्लंडमध्ये तीन नावे होती आणि तिन्हींची आडनावे झाली. उत्तरेकडे, म्हणजे यॉर्कशायर, लँकशायर आणि पुढे स्कॉटलंडपर्यंत, तो वॉकर. आग्नेयेकडे ससेक्स, केंट आणि पूर्व अँग्लियात तो फुलर. हा शब्द लॅटिनमधल्या ‘फुल्लो’वरून आला आणि त्याला फ्रेंचमधल्या जुळ्या शब्दाचीही साथ मिळाली. नैर्ऋत्येला डेव्हन आणि सॉमरसेटमध्ये तोच माणूस टकर. जुन्या इंग्रजीत ‘टूकियन’ म्हणजे छळणे, पीडा देणे. कापडाचे हाल पाहिले तर शब्द चपखल आहे. आपला शिंपी ब्लाउजला जो ‘टक’ घालतो, तोही याच शब्दकुळातला. १८८१च्या शिरगणतीतली आडनावे नकाशावर मांडली तर पाच-सहाशे वर्षांनंतरही ही तीन क्षेत्रे ओळखू येतात. विणकर आणि रंगारी यांच्या आडनावांतही असेच भेद आहेत. रंगाऱ्याला एकीकडे डायर म्हणत, तर यॉर्कशायरकडे लिस्टर. शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये रेशमाची प्रचंड गिरणी उभारणारा सॅम्युअल लिस्टर आडनावाने रंगारीच होता.

फुलर या नावाची आपल्याकडे एक ओळख आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कापडातले तेल शोषून घेण्यासाठी हे कारागीर एक प्रकारची बारीक माती वापरत. तिला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, आणि तशीच माती आपल्या घरांत मुलतानी माती म्हणून चेहऱ्याला लावायच्या डब्यात असते. इंग्लंडला आपल्या लोकरीच्या धंद्याची इतकी काळजी होती की १७व्या शतकात ही माती देशाबाहेर नेण्यास बंदी होती. सनदेत मातीचा उल्लेख नाही, मूत्राचा तर नाहीच नाही.

आता पायांचे काय झाले ते पाहू, कारण आडनावाच्या इतिहासातली खरी गंमत तिथे आहे. कापड तुडवण्याचे काम पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांकडे सोपवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये १२व्या शतकातच पोहोचली होती. अशा पाणगिरण्यांच्या अगदी सुरुवातीच्या इंग्रजी नोंदींपैकी एक टेंपलर सरदारांच्या, म्हणजे धर्मयुद्धांतल्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाच्या, मालमत्तेच्या ११८५ सालच्या पाहणीत आहे, आणि ती टेंपल न्यूसमची आहे. आज ते लीड्स शहराच्या कडेचे विस्तीर्ण उद्यान आहे. आजोबा आणि मी रविवारी सकाळी तिथेच फिरायला जातो. १३व्या शतकात या गिरण्या इतक्या पसरल्या की इतिहासकार एलिनोरा कारस-विल्सन यांनी १९४१ साली लिहिलेल्या निबंधात त्या बदलाला त्या शतकातली औद्योगिक क्रांतीच म्हटले. हे विशेषण जास्तीचे आहे, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे मत पडले, पण गिरण्या पसरल्या यात वाद नाही. तरीही पाय लगेच थांबले नाहीत. १४व्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या दीर्घकाव्यात नव्या कापडाचे वर्णन आहे; ते पायाखाली किंवा यंत्राच्या हातोड्याखाली तुडवले जाईपर्यंत अंगावर शोभत नाही, असे कवी म्हणतो. दोन्ही पद्धती त्याच्या डोळ्यांसमोर होत्या.

आडनावे वंशपरंपरागत होण्याचा काळही साधारण हाच. दक्षिणेत ती आधी रुळली, उत्तरेत उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ साली बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या तपासल्या तर नावापुढचा शब्द हा अजून धंदा आहे की आता नुसते आडनाव उरले आहे, याचा संभ्रम पदोपदी पडतो. म्हणजे यॉर्कशायरमध्ये वॉकर हे नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले, तेव्हा त्या नावाच्या अनेक माणसांचे पाय कोरडे झाले असणार. ते गिरणी चालवत होते आणि तुडवण्याचे काम ओक लाकडाचे हातोडे करत होते. नाव मात्र पायांचेच राहिले. हे आपल्याला नवे नाही. कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने संपली, पण कुलकर्णी कोठे गेले?

शेवटी हातोडेही गेले. १८३३ साली ट्रोब्रिजच्या एका गृहस्थाने कापड फिरत्या रुळांमधून दाबत नेणारे यंत्र काढले, आणि हळूहळू त्याने हातोड्यांची जागा घेतली. त्या गृहस्थाचे नाव जॉन डायर. वॉकर लोकांचा धंदा आडनावाने रंगारी असलेल्या माणसाने बुडवला, हे मला फारच आवडले. सनद लिहिणाऱ्याने एवढे एक वाक्य जरी घातले असते तरी मी दहा पौंड माफ केले असते.

हा सगळा इतिहास मला सनदेमुळे कळला असे म्हणता येईल, पण तो सनदेवरच्या रागामुळे कळला. वाढदिवसानंतरच्या शनिवारी मी आजोबांना घेऊन लँकशायरमधल्या हेल्मशोर गिरणी संग्रहालयात गेलो. भेटवस्तूला पर्याय म्हणून तुलना करायची तर याच जागेशी करावी, म्हणून तिच्याविषयीही लिहितो. रॉसेंडेलच्या खोऱ्यातली ही हायर मिल टर्नर कुटुंबाने १७८९ साली कापड तुडवण्यासाठीच बांधली आणि ती १९६७ पर्यंत चालू होती. आत पाण्याचे मोठे चाक आहे, आणि त्यावर चालणारे लाकडी हातोडे पाहिले की हे पायांचेच अनुकरण आहे हे सांगावे लागत नाही. हातोड्याचे डोके टाचेसारखे कापडावर उतरते आणि हौदाच्या वक्र पोटात कापड आपोआप उलटत जाते. तुडवलेले कापड ताणून वाळवायच्या चौकटींची माहितीही तिथे मिळाली. त्या चौकटींना वाकड्या खिळ्यांच्या रांगा असत, आणि इंग्रजीत जीव टांगणीला लागण्याला ‘ऑन टेंटरहुक्स’ असा जो वाक्प्रचार आहे, तो याच खिळ्यांवरून आला आहे. वाळल्यावर टीझल नावाच्या काटेरी झाडाच्या सुकलेल्या बोंडांनी लव वर काढायची आणि मोठ्या कात्रीने ती सारखी कापायची. कात्री चालवणाऱ्याचे शर्मन हे आडनाव झाले, जे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सेनापतीमुळे जगभर माहीत आहे. शेजारची दुसरी गिरणी सुताची आहे. तीही पाहण्यासारखी आहे, पण आमचा वेळ हातोड्यांपुढेच गेला. उघडे असण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, ते आधी पाहून मगच निघावे.

आता कुलचिन्हाविषयी, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. मजकुरातली चूक अज्ञानातून झाली असे समजून सोडून देता येते. कुलचिन्हाचे तसे नाही. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला दिले जाते आणि तिच्या पुरुषपरंपरेतल्या वारसांनाच लावता येते. हे काम १४८४ साली स्थापन झालेली लंडनची ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था पाहते, आणि आडनावाचे म्हणून कुलचिन्ह नसते, असे ती स्पष्टपणे सांगते. वॉकर नावाच्या कोणा एका सधन माणसाला कधीतरी चिन्ह मिळाले असेल, ते उचलून सगळ्या वॉकरांना विकणे म्हणजे एका पाटलाचा शिक्का राज्यातल्या सगळ्या पाटलांना वाटण्यासारखे आहे. शिवाय वॉकर हे एका घराण्याचे नाव कधीच नव्हते. जिथे नदी होती, मेंढ्या होत्या आणि माग होते, तिथे कापड तुडवणारा होता. त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. अटलांटिकपलीकडे तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांकडे हे नाव गुलामगिरीच्या काळातून आले आहे, आणि केसांच्या प्रसाधनांचा मोठा उद्योग उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांना ते नवऱ्याकडून मिळाले होते. या सगळ्यांच्या भिंतीवर एकच ढाल आणि एकच शिरस्त्राण टांगण्याला काही अर्थ उरत नाही.

सनदेच्या मागच्या बाजूला, चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकल्या जाणाऱ्या ओळीत, बारीक टायपात एक वाक्य छापलेले आहे: हे चिन्ह त्या आडनावाच्या व्यक्तीशी संबंधित असून खरेदीदाराशी नात्याचा दावा केलेला नाही. म्हणजे विकणाऱ्याला खरे काय ते ठाऊक आहे. मी दुकानात जाऊन हे वाक्य दाखवले. विक्रेत्याने अत्यंत नम्रपणे ऐकून घेतले आणि मागणीनुसार छापलेला माल परत घेतला जात नाही, ही पाटी दाखवली. पाटी खरोखरच होती. गल्ल्याच्या मागे, गिऱ्हाइकाच्या नजरेत सहज न येणाऱ्या जागी.

आडनावाविषयी खरोखर जाणून घ्यायचे असेल त्याने शहराच्या मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात जावे. ऑक्सफर्डने २०१६ साली चार खंडांत काढलेला ब्रिटन व आयर्लंडमधल्या आडनावांचा कोश आहे. त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावे आहेत आणि जुन्या दस्तऐवजांतल्या नोंदी सालांसकट दिलेल्या आहेत. त्यातले पान भिंतीवर लावण्याइतके देखणे नसते, हे मान्य करतो. भेट म्हणून काही छापीलच द्यायचे असेल तर त्या नोंदीवरून आपणच अर्धे पान लिहावे आणि चांगल्या कागदावर छापून चौकटीत बसवावे. चौकटीसह खर्च पंधरा पौंडांच्या वर जात नाही. कारागिरीला मी पाचपैकी चार गुण देईन, मजकुराला अर्धा, आणि तो अर्धाही ‘वॉकर’ हे नाव न चुकता लिहिल्याबद्दल.

आजोबांना हेल्मशोरहून परतताना मी सगळे सांगितले तेव्हा मला भीती होती की त्यांचा हिरमोड होईल. राजाच्या हरणांचा राखणदार असलेला पूर्वज एका शनिवारात मूत्राच्या हौदात उतरला होता. ते गाडीत बराच वेळ हसत राहिले आणि घरी पोहोचल्यावर आजींना हाक मारून त्यांनी सर्वांत आधी हौदाचीच गोष्ट सांगितली. दिवाणखान्यातल्या शेकोटीवर मानाने लावलेली सनद दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती. इंग्रज घरांत गमतीची प्रशस्तिपत्रे आणि जुने फोटो तळमजल्यावरच्या शौचालयात लावायची पद्धत आहे. वॉकरांची सनद आता तिथे, नेमकी बसणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर आहे. काच चांगली असल्यामुळे तिथल्या दमटपणाने कागद अजून तरी फुगलेला नाही.